जुन्या रायफलीची जन्मपत्रिका

कोल्हापूरच्या राजारामपुरींत पत्ता विचारणाऱ्यास घराचा नुसता क्रमांक सांगून भागत नाहीं. कितवी गल्ली, हें आधीं सांगावें लागतें. गल्ली चुकली कीं क्रमांक बरोबर असूनहि पाहुणा भलत्याच दारीं जाऊन उभा राहतो. जुन्या बंदुकीच्या अंगावर कोरलेल्या क्रमांकाची गोष्ट अशीच आहे. हिंदुस्थानांत सर्वपरिचित झालेली ली-एनफील्ड रायफल एनफील्डच्या सरकारी कारखान्यांत, बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनींत, लंडनच्या एल. एस. ए. कंपनींत, बंगालमधील ईशापूर येथें आणि ऑस्ट्रेलियांतील लिथगो येथें तयार होत असे. प्रत्येक कारखान्याचा अनुक्रम स्वतंत्र होता; आणि इंग्लंडांतील कारखान्यांत सामान्यतः ९९९९ पर्यंत अंक गेले म्हणजे पुढें एक अक्षर लावून गणती पुन्हां आरंभापासून सुरू होई. त्यामुळें एकाच क्रमांकाच्या अनेक रायफली जगांत नांदल्या. कारखाना, साल, जात आणि अक्षर हीं चार सोडून केवळ अंक सांगणें म्हणजे गल्ली न सांगतां घर सांगण्यासारखें आहे.

हा विषय केवळ शौकीन मंडळींच्या करमणुकीचा आहे असें मानण्याचें कारण नाहीं. कोल्हापूर, कागल, इचलकरंजी, सांगली, मिरज अशा संस्थानी परंपरेच्या गांवांत एखादी बंदूक आजोबा-पणजोबांच्या काळापासून जपून ठेवलेली कित्येक घराणीं आहेत. बंदुकीबरोबर एक हकीकतहि चालत आलेली असते. ही शाहू महाराजांनीं पणजोबांस दाजीपूरच्या जंगलांतील शिकारीच्या वेळीं बक्षीस दिली. किंवा ही सत्तावन सालच्या उठावांत चालली होती. किंवा ही प्रत्यक्ष राजवाड्याच्या शिलेखान्यांतून आली. जोंपर्यंत वस्तु भिंतीवर आहे तोंपर्यंत या हकीकतीला कोणी हरकत घेत नाहीं. परंतु वाटणीची वेळ येते, कोणी ती संग्रहालयास द्यावी म्हणतो, कोणी विकावी म्हणतो, किंवा परवान्याच्या नूतनीकरणाचा दिवस उगवतो. आणि मग प्रश्न निघतो कीं, याला पुरावा काय? या प्रश्नाच्या उत्तरावर घराण्याचें नांव, वस्तूचें मोल आणि पुष्कळदां मालकाची कायदेशीर स्थितीहि अवलंबून असते.

कारखान्याची नोंद मिळविली म्हणजे वाद मिटला, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कारखान्याची वही हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. ती वही लिहिणारा कारकून माणूस होता. त्यालाहि घाई होती, त्याचें अक्षरहि कधीं लागत नसे, आणि पन्नास वर्षांनीं कोणी आपल्या एका ओळीवर घराण्याचा मान टांगील, अशी त्याला कल्पना नव्हती. म्हणून बंदूक स्वतः, कारखान्याचा कागद आणि घरची हकीकत अशा तीन साक्षी वेगवेगळ्या नोंदवून त्यांची एकमेकींशीं ताडणी करावी लागते. त्यांतील एखादी दुसरीशीं जुळली नाहीं, तर लगेच कोणास खोटें ठरवूं नये. न जुळण्याचें कारण शोधावें. तें कारणच कित्येकदां खरी माहिती देऊन जातें.

पहिली साक्ष बंदुकीची. तिच्या अंगावर राजमुकुट, राजाराणीच्या नांवाचीं आद्याक्षरें, कारखान्याचें नांव, साल, परीक्षकांचे बारीक ठसे आणि क्रमांक असतात. यांतील प्रत्येक ठसा निराळ्या दिवशीं आणि निराळ्या कारणानें पडलेला असतो, हें विसरल्यामुळें मोठे घोटाळे होतात. ठासणीच्या एनफील्ड बंदुकीच्या चापाच्या पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि ‘१८५७’ असें साल पुष्कळदां आढळतें. तें पाहतांच ही बंडांतील बंदूक, असा निर्णय देण्याचा मोह होतो. कोल्हापुरांत तर या मोहाला आधारहि आहे. कारण ३१ जुलै १८५७ रोजीं येथील २७ व्या मुंबई देशी पायदळ पलटणींतील शिपायांनीं उठाव केला होता. परंतु पट्टीवरचें साल हें पट्टीचें आहे. ती पट्टी नळीला व लांकडाला जोडली जाणें, बंदूक तपासली जाणें, कोठारांत पडणें, जहाजावर चढणें, हें सर्व त्यानंतरचें. सुएझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला. त्यापूर्वीं असा अवजड माल आफ्रिकेस वळसा घालून महिनोन्‌महिने समुद्रावर असे. १८५७ चा ठसा असलेली बंदूक त्याच सालच्या जुलैंत पंचगंगेच्या कांठीं चालली असेल, ही गोष्ट अशक्यप्राय आहे. उलट, १८५० च्या ठशाची एखादी बंदूक त्या दिवशीं तेथें असूं शकेल. तिच्या ठशावरून मात्र तें कळणार नाहीं. जें साल हकीकतीला पोषक वाटतें तेंच तिच्या विरुद्ध जातें, तें असें.

ठसे एकावर एक चढतात, हीहि गोष्ट ध्यानांत ठेवावी. लष्करी रायफल कारखान्यांत परत येऊन पुरी दुरुस्त झाली म्हणजे तिच्यावर ‘एफ. टी. आर.’ हीं अक्षरें व दुरुस्तीचें साल उमटवीत. पहिल्या महायुद्धांत जन्मलेल्या रायफलीच्या अंगावर दुसऱ्या महायुद्धांतील साल दिसतें तें यामुळें. ईशापूरच्या कारखान्यानें .३०३ च्या अनेक रायफलींच्या नळ्या आंतून कोरून गुळगुळीत केल्या आणि त्यांच्या .४१० च्या एकबारी मस्केटी बनविल्या; त्या पोलिसांच्या व पहारेकऱ्यांच्या कामीं आल्या. अशा बंदुकीचा जन्म रायफलीचा व उत्तरायुष्य मस्केटीचें असतें. वहींत रायफल म्हणून नोंद आणि हातीं आटे नसलेली नळी, असा प्रसंग आला म्हणजे वही खोटी किंवा बंदूक बदललेली, असें अनुमान घाईनें करूं नये.

कांहीं ठसे मात्र मुळांतच लबाड असतात. खैबर खिंडीच्या परिसरांत, विशेषतः दर्रा आदमखेल येथें, कारागीर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी रायफलींच्या नकला हातानें घडवीत आले. त्यांचें कसब मोठें. परंतु ज्यांना रोमन लिपि वाचतां येत नसे ते अक्षरांचें केवळ चित्र काढीत. त्यामुळें एनफील्ड या नांवांतील एखादें अक्षर उलटें पडे, किंवा व्हिक्टोरिया राणीचीं आद्याक्षरें व त्याखालीं तिच्या मृत्यूनंतरचें साल अशी जोडी जुळे. राणी २२ जानेवारी १९०१ रोजीं निवर्तली. तिचा ठसा व १९०७ साल एकाच पट्टीवर एकाच हातानें कोरलेले दिसले, कीं पुढें कारखान्यास पत्र लिहिण्याचें कारणच उरत नाहीं.

मराठी माणसाची फसगत करणारा आणखी एक ठसा आहे. मार्टिनी-हेन्री जातीच्या एखाद्या बंदुकीच्या नळीवर किंवा दस्त्यावर देवनागरी अक्षरें व अंक दिसतात, आणि ती कोणा मराठी संस्थानची असावी असें वाटूं लागतें. परंतु नेपाळच्या सैन्यानेंहि आपल्या शस्त्रांवर देवनागरी ठसेच उमटविले. काठमांडूच्या जुन्या शिलेखान्यांतील हजारों शस्त्रें २००३ सालीं अमेरिकेंतील व्यापाऱ्यांनीं विकत घेतलीं, आणि तेव्हांपासून अशा बंदुका जगभरच्या संग्रहांत पोंचल्या आहेत. त्यांत गहेंद्र या नांवाची नेपाळांतच घडविलेली रायफलहि आहे. ती बाहेरून मार्टिनीसारखी दिसते, पण तिची आंतील रचना निराळी असते. लिपीवरून मालक ठरविणें हें आडनांवावरून गांव ठरविण्याइतकेंच धोक्याचें आहे.

दुसरी साक्ष कारखान्याच्या वहीची. लष्करी बंदूक आणि खाजगी बंदूक यांत येथें मोठा भेद आहे. लष्करी रायफल हजारोंच्या संख्येनें निघे व पेट्या भरभरून कोठारांत जाई. अमुक क्रमांक अमुक शिपायाच्या हातीं गेला, अशी नोंद कारखान्याजवळ नसे. तेथें दस्त्यावरील पलटणीची खूण किंवा संस्थानच्या शिलेखान्याची यादी हाच आधार. खाजगी पेढ्यांची गोष्ट वेगळी. लंडनची पर्डी ही पेढी १८१४ सालापासूनची, हॉलंड अँड हॉलंड १८३५ पासूनची, आणि बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्‌स १८१२ पासूनची. संस्थानिक व बडे अधिकारी यांच्या शिकारीच्या बंदुका बहुशः अशाच पेढ्यांकडून येत. त्यांच्या वह्यांत क्रमांक, नळीची लांबी, तोंडाचें माप, दारूचा भार, तारीख व गिऱ्हाइकाचें नांव हीं नोंदलेलीं सांपडतात.

या वह्या कशा तयार होत हें समजण्यासाठीं विलायतेस जाण्याची गरज नाहीं. कोल्हापूरच्या गुळाच्या कोणत्याहि जुन्या अडत्याला तें ठाऊक असतें. दिवसाचा व्यवहार आधीं रोजकीर्दींत उतरतो आणि तेथून मागाहून खतावणींत चढतो. चुका होतात त्या या चढवण्यांत. वरची ओळ सोडून खालची घेतली जाते. तिहींचा आठ होतो, एकाचा सात होतो. पान उलटतांना एक क्रमांक गळतो आणि पुढचे सर्व एकेका घरानें सरकतात. शिवाय वहींतील तारीख कोणत्या घटनेची, हें वहीच्या नांवावरून कळतेंच असें नाहीं. ती मागणीची, तयारीची, चांचणीची, रवानगीची किंवा हुंडी वटल्याची असूं शकते.

याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील विंचेस्टर कंपनीचें आहे. न्यू हेवन येथील या कंपनीच्या जुन्या वह्या आतां वायोमिंग राज्यांतील कोडी येथील संग्रहालयांत आहेत, आणि क्रमांक कळविल्यास तेथून नोंदीचा उतारा मिळतो. १८९४ सालच्या नमुन्याच्या रायफलींची तपशीलवार नोंद ३,५३,९९९ या क्रमांकापर्यंतच उपलब्ध आहे; त्यापुढील रायफलीला तसा उतारा मिळत नाहीं. या वह्यांत माल कोठारांत आला ती तारीख निराळी व बाहेर गेला ती निराळी लिहिलेली असते. दुरुस्तीसाठीं परत आलेल्या बंदुकीपुढें तशी खूण असते. याखेरीज जेथें क्रमांक उमटविले जात त्या पॉलिशिंग विभागाचें एक स्वतंत्र टिपण आहे. कोणत्या सालीं कोणते क्रमांक निघाले याचे जे तक्ते पुस्तकांतून वर्षानुवर्षें छापले गेले, ते या टिपणाशीं ताडून पाहतां अनेक ठिकाणीं जुळत नाहींत. म्हणजे एकाच रायफलीला तीन-चार जन्मतारखा! त्यांतील प्रत्येक तारीख आपापल्या जागीं बरोबर असूं शकते. एक क्रमांक उमटल्याची, दुसरी कोठारांत आल्याची, तिसरी घराबाहेर पडल्याची. चूक होते ती एकीचा अर्थ दुसरीला लावल्यानें.

वही आणि बंदूक यांत तंटा लागला, तर निवाड्यासाठीं तिसरा कागद लागतो, आणि तो बंदुकीच्याच पोटांत असतो. इंग्लंडांत प्रत्येक नळी लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहांत जादा दारूचा बार उडवून तपासली जाई व तिच्यावर ठसे उमटत. या ठशांचे नियम १८७५, १८८७, १८९६, १९०४ व १९२५ या सालीं बदलत गेले. बिनधुराच्या दारूसाठीं ‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द १८९६ च्या नियमांपासून उमटूं लागले. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १९२१ पासून सालाचें सांकेतिक अक्षरहि उमटवूं लागलें. वही म्हणते १८९२ आणि नळीखालीं ‘नायट्रो प्रूफ’ आहे, असें दिसल्यास तीनच शक्यता उरतात. नळी मागाहून पुन्हां तपासली, किंवा नळी बदलली, किंवा वहींतील ओळ या बंदुकीची नव्हेच. तीन शक्यतांत शोध करणें हें अंधारांत चांचपडण्याहून पुष्कळ सोपें असतें.

क्रमांकाहून अवघड प्रकरण नांवांचें. कोल्हापूर हें नांव इंग्रज कारकुनांनीं किती तऱ्हांनीं लिहिलें याची साक्ष इंग्लंडच्या नेमबाजीच्या इतिहासांतच आहे. कोल्हापूरच्या राजांनीं तेथील नॅशनल रायफल असोसिएशनला दिलेल्या चषकाची स्पर्धा पूर्वीं विम्बल्डनला व १८९० नंतर बिस्लेला होत आली. तो चषक जगभर ‘कोलापोर कप’ या नांवानें ओळखला जातो. ज्या तरुण राजाराम महाराजांच्या काळाशीं या चषकाचा संबंध आहे, ते १८७० सालीं युरोपच्या प्रवासास गेले व परत येतांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्स येथें वयाच्या विसाव्या वर्षीं वारले. त्यांची प्रवासाची दैनंदिनी १८७२ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. तिच्या मुखपृष्ठावर हेंच नांव ‘कोल्हापूर’ या उच्चाराच्या निराळ्या जोडणीनें छापलें आहे. एका शहराच्या दोन जोडण्या एकाच देशांत, एकाच दशकांत, एकाच राजाच्या संबंधांत रूढ होतात, तेथें बंदुकीच्या वहींत एकच जोडणी शोधणाऱ्यास रिकाम्या हातानें परतावें लागलें तर नवल नाहीं. नोंद नाहीं, असें उत्तर आलें म्हणजे पुष्कळदां त्याचा अर्थ इतकाच कीं, ज्या अक्षरांत शोधलें त्या अक्षरांत ती नाहीं.

व्यक्तीची ओळख पटविणें त्याहून नाजूक. ज्यांच्या नांवानें राजारामपुरी वसली ते राजाराम महाराज १९२२ ते १९४० या काळांत गादीवर होते. फ्लॉरेन्सला वारलेले राजाराम महाराज त्यांच्या पुष्कळ आधींचे. मधल्या काळांत १८८३ पर्यंत शिवाजी महाराज व १८८४ पासून १९२२ पर्यंत शाहू महाराज. वहींत मात्र बहुधा नांव नसतेंच. ‘कोल्हापूरचे राजे’ एवढेंच असतें. तेव्हां माणूस ठरतो तो तारखेवरून, आणि तारीख चुकली कीं माणूस बदलतो. १८८० च्या दशकांत शाहू महाराज अल्पवयी असतांना त्यांचे जनक वडील, कागलचे आबासाहेब घाटगे, हे कोल्हापूरचे रीजंट होते. त्या सालची मागणी त्यांची असेल, दरबारची असेल किंवा कागलकरांची खाजगी असेल. पदवीहि साक्ष देते. वंशपरंपरेनें ‘महाराजा’ ही पदवी शाहू महाराजांस १९०० सालीं मिळाली. त्यापूर्वींच्या तारखेच्या ओळींत ती पदवी दिसली, तर कारकुनानें सौजन्यानें लिहिली कीं ती ओळच मागाहून नक्कल झाली, हें अक्षर व शाई पाहून ठरवावें लागतें. आणखी एक गंमत आहे. जुन्या कागदांत ‘राजाराम रायफल्स’ असे शब्द आले म्हणजे ते बंदुकांविषयीं नसतात. तें कोल्हापूर संस्थानच्या पलटणीचें नांव होतें, आणि विलीनीकरणानंतर ती पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रींत सामील झाली. शब्दार्थानें वाचणारा वारस त्यांतून राजाराम महाराजांच्या खाजगी रायफली काढील, आणि प्रामाणिकपणेंच काढील.

गिऱ्हाईक म्हणून ज्याचें नांव लिहिलें आहे तो नेहमीं मालकच असतो असेंहि नाहीं. पुष्कळ माल मुंबई-कलकत्त्याच्या दुकानांमार्फत खपे. मुंबईंत काळा घोडा येथें आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत आजहि उभी आहे. अशा दुकानांनीं घेतलेल्या बंदुकीच्या कारखाना-नोंदींत दुकानाचेंच नांव राहतें. पुढचा प्रवास शोधायचा तो आपल्याकडच्या दप्तरांत. कोल्हापूरच्या दप्तराचे रुमाल सोडले कीं तेथें दुसऱ्या तऱ्हेचीं संकटें उभीं राहतात. शालिवाहन शक, इसवी सन, फसली आणि शुहूर अशा गणना एकमेकींत मिसळलेल्या. दक्षिणेच्या फसली सालांत ५९० मिळवावे कीं ५९१, हें महिन्यावर अवलंबून, कारण तें वर्ष जूनमध्यें पालटतें. मोडी लिपींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो व शब्दांमध्यें जागा सोडलेली नसते. तींत लिहिलेलें विलायती पेढीचें नांव वाचणें हें एक कोडेंच होऊन बसतें. एक वर्षाची चूक विलायतेच्या वहींत झाली कीं येथील वर्षाच्या परिवर्तनांत, हें दोन्ही ठिकाणच्या रीती माहीत असल्याखेरीज सांगतां येत नाहीं.

आतां या तिन्ही साक्षी एकत्र कशा चालतात हें पाहण्यासाठीं एक प्रसंग कल्पावा. राजारामपुरींतील एका घराण्यांत दुनळी शिकारी रायफल आहे. शाहू महाराजांनीं ती पणजोबांस दिली अशी परंपरा आहे. चापाच्या कड्यावरील क्रमांक लिहून पेढीस पत्र गेलें. उत्तर आलें कीं, तो क्रमांक छर्ऱ्याच्या बंदुकीचा असून ती १८९८ सालीं कलकत्त्याच्या व्यापाऱ्यास विकली. घरांत दुःख झालें. धाकट्यांनीं पणजोबांची हकीकत बढाई ठरविली. परंतु एका जाणकारानें नळ्या उतरवावयास सांगितल्या. नळ्यांच्या खालच्या सपाटीवर आणि पुढच्या लांकडाखालील लोखंडावर तोच क्रमांक पुन्हां होता. फक्त जेथें बाहेर आठ दिसत होता तेथें आंत स्वच्छ तीन होता. बाहेरचा अंक बोटांनीं झिजला होता व कोणा स्थानिक कारागिरानें पॉलिश करतांना तो पुन्हां कोरला होता. पुन्हां पत्र गेलें. या वेळीं उत्तर आलें कीं, ती दुनळी रायफल, माप जुळतें, नळीची लांबी जुळते, १९११ सालीं मुंबईच्या दुकानास रवाना. नळीखालील परीक्षेचे ठसेहि १९०४ नंतरच्या नियमांचेच होते.

येथें पुष्कळजण थांबतात आणि परंपरा सिद्ध झाली म्हणून जाहीर करतात. वास्तविक सिद्ध काय झालें? रायफल अस्सल आहे, तिचे भाग मूळचेच आहेत, ती शाहू महाराजांच्या हयातींत मुंबईस पोंचली. महाराजांनीं ती घेतली व पणजोबांस दिली, ही गोष्ट अद्याप परंपराच आहे. ती अशक्य नाहीं एवढेंच ठरलें. दरबारच्या खरेदीच्या कागदांत किंवा बक्षिसाच्या हुकुमांत तो क्रमांक सांपडला, तर ती पुराव्याच्या पदवीस चढेल. तोंपर्यंत ‘घराण्याची परंपरा अशी आहे’ असें लिहून ठेवण्यांत कोणताहि कमीपणा नाहीं. पणजोबांची अब्रू खोट्या निश्चयानें वाढत नाहीं. आणि पहिल्या पत्रावर विसंबून ती घालविणेंहि अन्यायाचेंच झालें असतें.

या प्रसंगांतील कारागिरानें जें अजाणतां केलें तें जाणूनबुजून करण्याचा मोह हा या विषयांतील खरा धोका आहे. परवान्यावरील क्रमांक आणि बंदुकीवरील क्रमांक जुळत नाहीं, असें कित्येक घरांत आढळतें. १ मार्च १८४९ नव्हे, १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, या एका वाक्यांतहि लेखणी कशी घसरूं शकते हें दिसतें. मग आजोबांच्या परवान्यापासून नातवाच्या परवान्यापर्यंत चार-पांच वेळां उतरलेल्या सहा अंकी क्रमांकाचें काय सांगावें? परवान्यावर एक आणि पोलादावर दुसरा अंक असला म्हणजे कागदोपत्रीं ती दुसरीच, परवाना नसलेली बंदूक ठरते, आणि मालक निष्कारण आरोपीच्या पंक्तींत बसतो. अशा वेळीं कोणी सुचवितो कीं, छिन्नीनें एका अंकाला वळण द्यावें आणि कटकट मिटवावी. ही सूचना ऐकतांच कानांवर हात ठेवावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ अन्वयें बंदुकीवरील नांव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणें, काढणें, बदलणें वा बनावट करणें मना आहे. कागदांतील चूक ही कारकुनाची असते व अर्ज, जुना परवाना आणि तपासणी यांच्या आधारें परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून ती दुरुस्त करून घेतां येते. पोलादावरील चूक मालकाची होते, आणि ती दुरुस्त होत नाहीं.

त्याच कायद्याचें कलम ४५ हेंहि माहीत असावें. जुन्या धाटणीचें, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें किंवा मोडकें शस्त्र, जें दुरुस्त करूनहि बंदूक म्हणून वापरतां येणार नाहीं, त्यास तेथें सूट आहे. भर आहे तो शेवटच्या शब्दांवर. शंभर वर्षें जुनी एवढ्यानें बंदूक या सुटींत बसत नाहीं. एखादी रायफल केवळ भिंतीवर शोभेला आहे म्हणून ती निरुपद्रवी, असें घरानें ठरवूं नये; तें ठरविण्याचें काम तज्ज्ञ तपासणीचें आहे.

इतिहासाच्या दृष्टीनेंहि न्याय हाच. ज्या वहींत चूक आहे ती वही दुरुस्त करून नवी लिहूं नये. चूक तशीच ठेवून शेजारीं टिपण लिहावें. कारण चुकीला स्वभाव असतो. तिहींचा आठ करणारा कारकून सर्वत्र तेंच करतो, घसरलेली ओळ पानाच्या अखेरपर्यंत घसरत जाते. म्हणून एका चुकीचें मूळ सांपडलें कीं त्याच पानावरील दहा बंदुकांचा इतिहास उलगडतो. मूळ चूक पुसून टाकली तर ती किल्लीच हरवते. नकली नोंदीला ही किल्ली लागत नाहीं, कारण तींत चुका नसतात किंवा असल्या तर निष्कारण असतात. घरच्या हकीकतीशीं, बंदुकीशीं आणि अपेक्षेशीं एकदम बिनचूक जुळणारा उतारा कोणी विक्रीच्या वेळीं पुढें करूं लागला, तर तो मूळ संस्थेकडून पुन्हां मागवून घ्यावा.

ज्या घरांत अशी वस्तु आहे तेथील वडीलधाऱ्यांनीं आरंभ कागदापासून न करतां माणसांपासून करावा. हकीकत सांगणारे आजी-आजोबा आहेत तोंवर ती त्यांच्याच शब्दांत, तारखेसह, कोणतीहि सुधारणा न करतां लिहून घ्यावी. बंदूक रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडून करून घेऊन तिच्यावरील प्रत्येक ठसा, वाचतां येवो न येवो, जसा आहे तसा उतरावा व त्याचें छायाचित्र घ्यावें. बाहेरचा व आंतला असे दोन्ही क्रमांक लिहावे. मग पेढीस किंवा संग्रहालयास पत्र जावें आणि त्यांत कोणत्या तारखेचा कोणता अर्थ, हें स्पष्ट विचारावें. दप्तरखान्याची पायरी शेवटची. तेथें मोडी वाचणारा सोबती न्यावा आणि नांवाच्या सर्व जोडण्या बरोबर न्याव्या. इतकें केल्यावर जें हातीं येईल तें पूर्ण असेलच असें नाहीं. कांहीं रकाने कोरे राहतील. ते कोरेच ठेवून वही पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावी. पुढच्या एखाद्या रुमालांत त्या कोऱ्या जागेचा कागद निघाला, तर तो बसविण्यास जागा शिल्लक असली पाहिजे.